प्रायमरी कीचा आकार कसा ठरवावा: व्यवसायाचा डेटाबेस पहिल्यांदा उभारणाऱ्यांसाठी

एक्सेलच्या फायलींवर चाललेला व्यवहार डेटाबेसमध्ये आणायचे ठरले की टेबले कोणती असावीत, कॉलम कोणते ठेवावेत आणि रिपोर्ट कसे निघावेत यावर भरपूर चर्चा होते. पण प्रत्येक टेबलाच्या प्रायमरी कीला, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखू देणाऱ्या कॉलमला, कोणता डेटा टाइप द्यायचा आणि त्याचा आकार किती ठेवायचा, हा प्रश्न बहुधा सॉफ्टवेअरने पुढे केलेला पर्याय तसाच स्वीकारून अर्ध्या मिनिटात उरकला जातो. बहुतेक वेळा त्याने काही बिघडतही नाही. जेथे बिघडते तेथे मात्र काही वर्षांनी, टेबले भरलेली आणि गिऱ्हाइके समोर उभी असताना बिघडते, म्हणून सुरुवातीलाच एक संध्याकाळ या कामाला द्यावी.

समजण्यास सोपे जावे म्हणून इंदूरच्या सियागंजातील एक काल्पनिक पेढी डोळ्यांसमोर ठेवू. किराणा आणि सुक्या मेव्याचा ठोक व्यापार, उज्जैन आणि खंडवा येथे एकेक शाखा, सुमारे ३,००० ग्राहक, २,५०० प्रकारचा माल, रोजची साधारण २०० बिले, प्रत्येक बिलात सरासरी ८ ओळी आणि वर्षाला कामाचे ३०० दिवस, एवढे गृहीत धरू. पुढचे सगळे हिशेब याच आकड्यांवर केले आहेत; वाचकांनी त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

पहिली पायरी: कीला अर्थ देऊ नये

आकाराचा विचार करण्याआधी की कशाची करायची हे पक्के करावे, कारण चुकीची की निवडली तर आकाराचा हिशेबही चुकतो. नव्या माणसाला तीन गोष्टींचा मोह हमखास होतो: ग्राहकासाठी त्याचा जीएसटी क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक, आणि बिलासाठी बिल क्रमांक.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात, मध्य प्रदेशासाठी २३, आणि त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. आता एखाद्या ग्राहकाने एकट्याच्या मालकीची पेढी मोडून भागीदारी केली, तर पॅन बदलतो आणि त्याबरोबर जीएसटी क्रमांकही बदलतो. दुकान तेच, बसणारा माणूस तोच, मागची उधारीही तीच, पण की वेगळी. शिवाय नोंदणी नसलेल्या लहान दुकानदाराकडे हा क्रमांक नसतोच आणि प्रायमरी की रिकामी ठेवता येत नाही. मोबाइल क्रमांकाचीही गत तशीच आहे. तो बदलतो, वडिलांकडून मुलाकडे जातो, एकाच क्रमांकावर दोन दुकाने चालतात. त्यात भर म्हणजे भारतातील दहा अंकी मोबाइल क्रमांक चार बाइटच्या पूर्णांकात मावतच नाही, कारण तेथील कमाल संख्या सुमारे २१४ कोटी आहे आणि ९ ने सुरू होणारा दहा अंकी क्रमांक ९०० कोटींच्या वर जातो. मोबाइल क्रमांक मजकूर म्हणूनच साठवावा. त्याची कधी बेरीज करायची नसते.

बिल क्रमांकाचा मोह सर्वांत मोठा असतो, कारण तो मुळातच क्रमांक आहे. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे तो सलग हवा, १६ अक्षरांपेक्षा मोठा नको, त्यात अक्षरे, अंक, आडवी आणि तिरकी रेघ एवढेच चालते, आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. आपल्या पेढीचा क्रमांक ‘एसजी/२५-२६/००४८७’ असा असेल, तर रोमन लिपीत मोजल्यास एस आणि जी ही दोन अक्षरे, एक तिरकी रेघ, वर्षाची पाच स्थाने, पुन्हा तिरकी रेघ आणि शेवटचे पाच अंक, मिळून १४ होतात. उद्या उज्जैन शाखेसाठी दोन अक्षरे आणि आणखी एक तिरकी रेघ जोडायची ठरली तर बेरीज १७ होते आणि नियम मोडतो. म्हणजे क्रमांकाची रचनाच बदलावी लागते. जी गोष्ट सरकारी नियमामुळे किंवा शाखा वाढल्यामुळे बदलू शकते, तिच्यावर बाकीची टेबले टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही.

म्हणून जीएसटी क्रमांक, मोबाइल आणि बिल क्रमांक हे स्वतंत्र कॉलम ठेवावेत. जेथे पुनरावृत्ती नको तेथे युनिक इंडेक्स, म्हणजे तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारी सूची, लावावा. आणि प्रायमरी की म्हणून डेटाबेसने आपोआप वाढवत नेलेला, काहीही न सांगणारा पूर्णांक घ्यावा. नेहमीच्या डेटाबेस सॉफ्टवेअरांपैकी मायएसक्यूएलमध्ये त्याला ऑटो इन्क्रिमेंट म्हणतात, एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेसमध्ये आयडेंटिटी आणि ॲक्सेसमध्ये ऑटोनंबर.

या क्रमांकात खंड पडतात, हे हिशेबनीस मंडळींना आधीच सांगून ठेवावे. नोंद सुरू झाली आणि मध्येच रद्द झाली, तर वापरलेला क्रमांक परत येत नाही. छापील बिलबुकातील फाडून टाकलेले पान पुन्हा शिवता येत नाही, तसेच हे आहे. एसक्यूएल सर्व्हर अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला तर क्रमांक एकदम हजाराने पुढे गेलेला दिसू शकतो. बिल क्रमांक सलग असावा ही कायद्याची अट आहे आणि ऑटो इन्क्रिमेंट सलगपणाची हमी देत नाही, त्यामुळेही ही दोन कामे एकाच कॉलमकडून करून घेता येत नाहीत.

दुसरी पायरी: कोणत्या आकारात किती मावते

पूर्णांकाचे आकार बाइटमध्ये मोजतात. एका बाइटमध्ये, म्हणजे टायनीइंटमध्ये, २५६ वेगवेगळ्या किमती मावतात. दोन बाइटच्या स्मॉलइंटमध्ये ऋण संख्यांसह धरल्यास कमाल ३२,७६७ पर्यंत जाता येते. तीन बाइटचा मीडियमइंट मायएसक्यूएलमध्ये मिळतो आणि ऋण संख्या वगळल्या तर तो १,६७,७७,२१५ पर्यंत पोचतो. चार बाइटच्या इंटची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे आणि आठ बाइटच्या बिगइंटची ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७. ही शेवटची संख्या कोणत्याही व्यापाऱ्याच्या हयातीत संपणार नाही.

येथे तीन ठिकाणी पाय घसरतो. ॲक्सेसमध्ये संख्येच्या कॉलमचा ‘फील्ड साइज’ निवडताना ‘इंटिजर’ असे जे नाव दिसते ते दोन बाइटचे असते; इतर डेटाबेसमधील इंटशी जुळणारा चार बाइटचा पर्याय तेथे ‘लाँग इंटिजर’ या नावाने येतो, आणि ऑटोनंबरही साधारणपणे लाँग इंटिजरच असतो. दुसरे असे की मायएसक्यूएलच्या जुन्या रचनांमध्ये इंटच्या पुढे कंसात ११ लिहिलेले आढळते. तो आकडा केवळ दाखवण्याच्या रुंदीचा आहे. कंसात ५ लिहिले म्हणून कमी जागा लागत नाही आणि २० लिहिले म्हणून मोठी संख्या मावत नाही. ही पद्धत ८.०.१७ या आवृत्तीपासून मोडीत काढण्यात आली आहे, तरीही इंटरनेटवरून उचललेल्या नमुन्यांतून ती अजून फिरते. तिसरी गोष्ट म्हणजे ‘अनसाइंड’, अर्थात ऋण संख्या वगळून मर्यादा दुप्पट करण्याची सोय मायएसक्यूएलमध्ये आहे, पोस्टग्रेसमध्ये नाही. पुढे डेटाबेस बदलण्याची शक्यता असेल तर त्या दुपटीवर विसंबू नये.

तिसरी पायरी: वाढ मोजावी, संख्या नव्हे

नवखा माणूस ‘आज किती नोंदी आहेत’ हे पाहून आकार ठरवतो. पाहायचे असते ते वेगळे: दर दिवशी किती नवे क्रमांक खर्च होतात आणि हे टेबल किती वर्षे चालायचे आहे. खर्च झालेले क्रमांक आणि टिकलेल्या नोंदी यांत फरक असतो. रोज रात्री दराची यादी पुसून नव्याने भरणारा प्रोग्रॅम असेल, तर टेबलात कधीही २,५०० पेक्षा जास्त ओळी दिसणार नाहीत, पण ३०० दिवसांत साडेसात लाख क्रमांक खर्ची पडलेले असतील. मायएसक्यूएलमध्ये ‘असेल तर बदल, नसेल तर नवी नोंद कर’ अशा प्रकारच्या आज्ञाही, नोंद फक्त बदलली गेली तरी, एकेक क्रमांक खाऊ शकतात.

आपल्या पेढीचा हिशेब करून पाहू. बिलांच्या टेबलाला स्मॉलइंट दिला तर रोज २०० या वेगाने ३२,७६७ ही मर्यादा १६३ दिवसांत गाठली जाईल. म्हणजे एप्रिलमध्ये सुरू केलेले टेबल दिवाळीच्या हंगामातच अडेल, आणि ठोक बाजारात त्याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडणार नाही. बिलाच्या ओळी रोज १,६०० म्हणजे वर्षाला ४,८०,००० होतात. या वेगाने इंटची मर्यादा गाठायला जवळजवळ साडेचार हजार वर्षे लागतील. येथवर इंट भरपूर झाला.

मग बिगइंट कोणाला लागतो? समजा याच पेढीने बटाट्याचे एक कोल्ड स्टोरेज घेतले आणि त्यात ५० तापमान सेन्सर बसवले. प्रत्येक सेन्सर दर पाच सेकंदांनी एक नोंद पाठवत असेल, तर दिवसाला १७,२८० गुणिले ५०, म्हणजे ८,६४,००० नोंदी होतात आणि इंट साधारण ६ वर्षे १० महिन्यांत संपतो. माणसाच्या हाताने होणाऱ्या नोंदींचा वेग माणसाच्या हातालाच बांधलेला असतो. यंत्राने होणाऱ्या नोंदींना तसे बंधन नसते. सेन्सर, मोबाइल ॲपच्या हालचाली, कोणी कोणती नोंद केव्हा बदलली याचा इतिहास, व्हॉट्सॲपवर गेलेल्या संदेशांची नोंद, ही सगळी टेबले संशयितांच्या यादीत धरावीत.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकले आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये बेसकॅम्प या कामकाज सांभाळणाऱ्या सेवेच्या घडामोडींच्या टेबलातील इंट संपला, आणि त्यानंतर काही तास तिच्या ग्राहकांना जुनी माहिती फक्त वाचता येत होती, नवे काही लिहिता येत नव्हते. इतिहास ठेवणारे टेबल होते, यंत्र भरत होते. नेमके वरच्या यादीतले.

चौथी पायरी: निवड

माझी शिफारस साधी आहे. ग्राहक, माल, पुरवठादार, कर्मचारी, गोदामे अशा मास्टर टेबलांना इंट द्यावा. जे टेबल रोजच्या व्यवहाराने किंवा यंत्राने वाढते त्याला बिगइंट द्यावा. बिलांना आणि बिलाच्या ओळींना हिशेबाप्रमाणे इंट पुरत असला तरी उद्या ऑनलाइन विक्री जोडली गेली तर आजचा वेग राहणार नाही, म्हणून तेथेही बिगइंटच बरा. टायनीइंट आणि स्मॉलइंट हे प्रायमरी कीसाठी जवळजवळ कधीच घेऊ नयेत. ३,००० ग्राहकांच्या टेबलात इंटऐवजी स्मॉलइंट घेऊन ६,००० बाइट वाचतात. मोबाइलवरचा एक पुसट फोटोसुद्धा त्याहून जास्त जागा खातो.

बिगइंटला जागा जास्त लागते ही तक्रार ऐकू येते, तीही मोजून पाहावी. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत प्रायमरी की प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्येही (इतर कॉलमांवरच्या शोधसूचीत) लिहिली जाते, म्हणून कीचा आकार एकदाच मोजून भागत नाही. दहा वर्षांच्या ४८ लाख ओळी, प्रत्येकीमागे चार बाइट जास्त, म्हणजे सुमारे १९ एमबी. तीन दुय्यम इंडेक्स धरले तर चौपट, म्हणजे ७७ एमबीच्या आसपास. हा खर्च नाव घेण्याजोगा नाही. पोस्टग्रेसमध्ये तर आठ बाइटचे कॉलम आठच्या पटीतील जागी बसवले जात असल्यामुळे चार बाइटच्या कीपुढे असा कॉलम आला तर मधले चार बाइट रिकामे सोडले जातात आणि वाचलेली जागा वाचतच नाही. कोट्यवधी ओळींच्या टेबलांवर हा हिशेब बदलतो, पण तेथे बिगइंटला पर्यायही नसतो.

पाचवी पायरी: फॉरेन कीचा आकार तोच हवा

फॉरेन की म्हणजे दुसऱ्या टेबलाच्या प्रायमरी कीकडे निर्देश करणारा कॉलम. सर्वांत जास्त काळजी येथे घ्यावी, कारण ही चूक दिसत नाही. बिलांच्या टेबलाची की बिगइंट केली आणि बिलाच्या ओळींच्या टेबलात ‘कोणत्या बिलाची ओळ’ हे सांगणारा कॉलम इंटच राहिला, तर खरी मर्यादा इंटचीच राहते. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर अशी विजोड फॉरेन की बनवूच देत नाहीत. पोस्टग्रेस मात्र इंटने बिगइंटकडे बोट दाखवणे खपवून घेतो, आणि अडचण वर येते ती मूळ कीने २१४ कोटी ओलांडल्यावरच. जेथे फॉरेन की घोषितच केलेली नसते आणि फक्त कॉलमचे नाव सारखे असते, तेथे तर कोणताही डेटाबेस टोकत नाही.

स्लॅशडॉट या संकेतस्थळावर नोव्हेंबर २००६ मध्ये हेच घडले. प्रतिक्रियांच्या टेबलाची प्रायमरी की त्यांनी कित्येक वर्षे आधीच चार बाइटची केली होती, पण ‘ही प्रतिक्रिया कोणत्या प्रतिक्रियेला उत्तर आहे’ हे सांगणारा कॉलम तीन बाइटचाच राहून गेला होता. प्रतिक्रियांची संख्या १,६७,७७,२१६ झाली आणि उत्तरे जोडणे बंद पडले.

म्हणून टेबले बनवण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे प्रत्येक प्रायमरी की आणि तिचा आकार, उजवीकडे ती जेथे जेथे वापरली आहे ते सगळे कॉलम. प्रोग्रॅममधील व्हेरिएबल, एक्सेलमध्ये जाणारे रिपोर्ट आणि टॅलीकडे जाणारी फाइल हेही उजव्या रकान्यात येतात. ॲक्सेस वापरणाऱ्यांनी ऑटोनंबरकडे निर्देश करणारा प्रत्येक कॉलम ‘नंबर’ प्रकारचा आणि ‘लाँग इंटिजर’ आकाराचा आहे ना, हे एकेक उघडून पाहावे.

मजकुराची की कधी चालते

काही याद्या दुसऱ्या कोणी ठरवलेल्या असतात आणि क्वचितच बदलतात. राज्यांचा दोन अंकी जीएसटी संकेत ही अशी यादी आहे. तेथे दोन अक्षरांचा ठरावीक लांबीचा मजकूर ही की म्हणून चांगली चालते. तो पूर्णांक म्हणून ठेवू नये, कारण जम्मू-काश्मीरचा संकेत ०१ आहे आणि पूर्णांकात पहिले शून्य उडते. हेच एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या संकेताचे: काजू ०८०१ या शीर्षकाखाली येतो, आणि सुक्या मेव्याच्या पेढीत हे शून्य उडाले तर माल भलत्याच जागी जाऊन बसतो. एचएसएन चार, सहा किंवा आठ अंकी असतो, म्हणून आठ अक्षरांची जागा ठेवावी.

मालाचे मराठी किंवा हिंदी नाव मात्र की करू नये. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार हीही वेगळी चिन्हे मोजली जातात. ‘इंदूर’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार आणि र अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. एसक्यूएल सर्व्हरमधील व्हारचार या साध्या मजकूर-प्रकाराच्या लांबीचा आकडा बाइट मोजतो, अक्षरे नव्हे. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये तो अक्षरे मोजतो. त्यातून ‘शेंगदाणे’ आणि ‘शेंगदाणा’ या दोन वेगळ्या किल्ल्या होतात ते निराळेच.

शाखा वेगवेगळ्या चालत असतील तर

खंडव्याच्या शाखेत इंटरनेट गेले तरी बिले निघाली पाहिजेत अशी अट असेल, तर दोन शाखांनी एकच क्रमांक वापरण्याचा धोका उभा राहतो. सोपा उपाय म्हणजे वाढीचे अंतर बदलणे: सियागंजाने १, ११, २१ असे क्रमांक घ्यावेत, उज्जैनने २, १२, २२, खंडव्याने ३, १३, २३. मायएसक्यूएलमध्ये याची सोय आहे. यात क्रमांक दहापट वेगाने खर्च होतात हे विसरू नये. बिगइंटला त्याचे काही वाटत नाही, इंटला वाटते.

दुसरा उपाय यूयूआयडीचा, म्हणजे सहसा कोठेही पुन्हा न येणाऱ्या लांब ओळखक्रमांकाचा. तो १६ बाइटचा असतो आणि कोणाला न विचारता कोठेही तयार करता येतो. तो मजकूर म्हणून ३६ अक्षरांत साठवू नये; वरच्याच हिशेबाने इंटच्या तुलनेत ६१४ एमबी जास्त लागतील. ज्या डेटाबेसमध्ये यूयूआयडीचा स्वतंत्र प्रकार आहे तेथे तो, नाहीतर १६ बाइटचा बायनरी कॉलम वापरावा. पूर्णपणे यादृच्छिक यूयूआयडी इनोडीबीच्या टेबलात सतत मधेच घुसतात आणि साठवणीची पाने फुटत राहतात, म्हणून वेळेच्या क्रमाने वाढणारी सातवी आवृत्ती पसंत करावी. तिची व्याख्या मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात आहे आणि पोस्टग्रेस १८ मध्ये ती थेट तयार करता येते. तीन शाखांच्या पेढीला एवढ्याची गरज सहसा नसते. फोनवरून ‘भाऊ, तो व्यवहार क्रमांक सांगा’ असे विचारण्याची वेळ आली की साध्या पूर्णांकाची किंमत कळते.

चालू करण्यापूर्वी आणि नंतर

मर्यादेची चाचणी कोऱ्या डेटाबेसवर घेणे फारच सोपे असते, आणि तरीही ती कोणी घेत नाही. क्रमांकाची सुरुवात मुद्दाम ३०० कोटींवर न्यावी, मग एक बिल करावे, ते छापावे, रद्द करावे, रिपोर्टमध्ये आणावे आणि एक्सेलमध्ये उतरवावे. कोठे इंट लपून राहिला असेल तर तो याच वेळी ओरडतो. वेबवरचा प्रोग्रॅम असेल तर जावास्क्रिप्ट ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ या संख्येपलीकडचे पूर्णांक अचूक धरत नाही, आणि एक्सेल १५ अंकांनंतरचे अंक शून्य करते. आपोआप वाढणारी की तेथवर जात नाही, पण तारीख, शाखा आणि क्रमांक एकत्र गुंफून १८ अंकी की बनवण्याची कल्पना कोणाला सुचली असेल तर ती याच कारणासाठी सोडून द्यावी.

पुढे दरवर्षी ३१ मार्चच्या हिशेबाबरोबर प्रत्येक टेबलातील सर्वांत मोठा क्रमांक आणि त्या कॉलमची मर्यादा शेजारी शेजारी लिहावी. निम्मी मर्यादा ओलांडली की आकार वाढवण्याचे काम हाती घ्यावे. मोठ्या टेबलावर इंटचा बिगइंट थेट करायला सांगितले तर पोस्टग्रेस संपूर्ण टेबल नव्याने लिहितो आणि तोवर ते कुलूपबंद राहते, मायएसक्यूएलमध्येही टेबलाची नवी प्रत बनते. लहान पेढीला हे रविवारी रात्री करता येते. ज्यांना बंद ठेवणे परवडत नाही त्यांनी शेजारी नवा बिगइंट कॉलम जोडावा, नव्या नोंदी दोन्हींत जातील अशी व्यवस्था करावी, जुन्या नोंदी थोड्याथोड्या करून भराव्यात, दोन्ही कॉलम तंतोतंत जुळतात याची खात्री करावी आणि मग नावांची अदलाबदल करावी. फॉरेन कीचे कॉलम आधी रुंद करावेत की नंतर, असा प्रश्न पडला तर जेथे डेटाबेस परवानगी देतो तेथे आधी तेच रुंद करावेत, कारण रुंद कॉलममध्ये लहान संख्या बिनतक्रार बसते.